नाव घेतलं की वाजवायचं

मला त्या दिवशी फक्त एक पेटी आणायची होती. गेल्या वर्षीच्या ऑगस्टमधला शेवटचा शनिवार. तुम्ही दोघं तेव्हा बँडमध्ये नव्हतात, ऑस्टिनच्या कॉलेजात लेक्चरं बुडवत होतात, त्यामुळे आमची गायिका नेल्डा कुचाच तुम्हाला फक्त जुन्या पोस्टरवर माहीत. मी तिच्या मागे उभा राहून वीस वर्षं बास वाजवला.

हसू नकोस, केसी. आणि तो लाईट बंद कर. गाडीची बॅटरी तुझा बाप भरून देणार का?

तर पेटी. तिच्यात होयटची स्टील गिटार होती. होयट म्हणजे आमचा स्टीलवाला. सदा टोपीत, मान खाली घालून वाजवणारा. जुलैत झोपेतच गेला बिचारा. त्याच्या जागी वाकोहून एक जण येणार होता. त्याची स्वतःची गिटार दुरुस्तीला होती, म्हणून मी होयटच्या बहिणीकडे, इमोजीनकडे गेलो. तिने मला आग्रहाने पीचची गोड पाई खायला घातली आणि निघताना म्हणाली, "सगळं आहे आत. कांडी तेवढी नाही."

"कांडी कुठे गेली?"

"त्याच्या हातात ठेवली आम्ही. पुरताना. तुमच्या त्या माणसाला स्वतःची आणायला सांग."

मी बरं म्हणालो. तुम्हाला सांगायला नको, स्टीलच्या तारा बोटांनी दाबत नाहीत. ती पोलादी कांडी तारांवरून सरकवायची, तेव्हा गिटार रडते. कांडी नसेल तर ते नुसतं तारा ताणलेलं टेबल.

सीडर फोर्कच्या नाचाच्या हॉलवर पोचलो तेव्हा मालक नेल्डाला अडवून दाराशीच उभा. डेव्हिन रॅट्लिफ. वडिलांच्या मागे हॉल त्याच्याकडे आलेला.

"नेल्डाबाई," तो म्हणाला, "बाबांना तुमचं फार कौतुक होतं. मला बिअर विकायची असते. आज नाचायला माणसं उठली नाहीत, तर पुढच्या शनिवारपासून माझा लॅपटॉप गाणी वाजवेल."

अरे, ते हॉल काय लॅपटॉपसाठी बांधले होते? शेतकऱ्यांनी स्वतःच्या हातांनी खांब उभे केलेत, जिवंत माणसाच्या गाण्यावर नाचता यावं म्हणून! पण हे त्या गाढवाला कोण सांगणार? नेल्डाने सांगितलं नाही. तिचा गळा वरच्या सुरांना फाटायला लागला होता. बाकीच्या हॉलांनी तिला आधीच नारळ दिला होता. हा शेवटचा.

तेवढ्यात वाकोवाल्याचा मेसेज आला. गाडी बंद पडलीय, येत नाही.

"स्टील उभी कर," नेल्डा म्हणाली. "वायर जोडून ठेव. मागच्या अंधारात कोणी बसलंय की नाही, ते त्या रॅट्लिफला काय कळतंय?"

"आणि गाण्यात स्टीलची जागा आली की?"

"तेव्हा आपला बेनी फिडलवर गज फिरवेल. तू तुझा बास सांभाळ, अक्कल पाजळू नकोस."

नाचायच्या फळ्यांवर मक्याचं पीठ भुरभुरलं, म्हणजे बूट छान सरकतात. गाणी सुरू झाली. तिसऱ्या गाण्यात नेल्डाचा आवाज चिरला. जोडपी एकेक करून टेबलांकडे वळली. काउंटरवर रॅट्लिफने लॅपटॉप उघडला.

नेल्डाने ते पाहिलं.

आता आपली रीत तुम्हाला माहीतच आहे. गाणं मध्यावर आलं की गाणारा एकाचं नाव हाकारतो. ज्याचं नाव घेतलं, त्याने पुढे वाजवायचं. त्या गाण्यात, त्या जागी, वीस वर्षं तिने एकच नाव घेतलं होतं. घामाने डबडबलेली होती. डोकं ठिकाणावर नव्हतं. मान मागे टाकली आणि...

"होऽऽयट!"

लगेच जीभ चावली तिने. मी पाहिलं.

आणि स्टील वाजली.

लोक उठले. अगं, धावत आले. फळ्या भरल्या, जोडपी गोल फिरायला लागली, पीठ उडायला लागलं. मी मागे वळलो. स्टूल रिकामं. तारा थरथरत होत्या. सूर सरकत होता.

कांडी नव्हती.

रॅट्लिफने लॅपटॉप मिटला.

पुढच्या गाण्यात नेल्डाने बेनीला हाक मारली. बेनीने जीव तोडून वाजवलं. लोक बसले. लॅपटॉप पुन्हा उघडला.

मग तिने पुन्हा होयटला बोलावलं. त्याच्या पुढच्या गाण्यातही. दर वेळी फळ्या भरायच्या. आणि दर वेळी तिचा आवाज थोडा कमी व्हायचा. म्हणजे... कोणीतरी काढून घेतल्यासारखा.

"बास कर," मी दोन गाण्यांच्या मध्ये म्हणालो.

"मग काय करू, ओडेल?" ती जवळजवळ कुजबुजली. "घरी जाऊन भांडी घासू? मला दुसरं काय येतं रे?"

मी खाली बघून बासची एक तार जुळवली.

शेवटचं गाणं, संथ वॉल्ट्झ. मधली जागा आली. नेल्डाने ओठ घट्ट मिटले. कोणालाच हाक मारली नाही.

फक्त बूट सरकत होते...

मग मागून आवाज आला. स्टुलाकडून. पुरुषाचा.

"नेऽऽल्डा!"

ती हाक मारायची तसाच. तोच हेल.

आपल्यात नाव घेतलं की नाही म्हणत नाहीत.

तिने तोंड उघडलं. बाहेर आलं ते... शब्द नव्हते. स्टील होती. उंच. सरकणारी. रडणारी. तिच्या गळ्यातून. तिला तोंड मिटता येत नव्हतं. डोळे माझ्याकडे लागलेले. आणि खाली लोक गालाला गाल लावून नाचत होते.

संपल्यावर रॅट्लिफ टाळ्या वाजवत आला. "पुढच्या शनिवारी नक्की! आणि त्या टोपीवाल्यालाही आणा. मान वर करत नाही, पण वाजवतो काय!"

नेल्डाने नुसती मान हलवली.

तेव्हापासून ती बोललेली नाही. डॉक्टर म्हणतात, गळा ठणठणीत आहे. स्वतःच्या बहिणीकडे असते. मी भेटायला जातो. ती दाराकडे बघत बसते. कोणी हाक मारेल म्हणून, की मारू नये म्हणून... काय माहीत.

त्या रात्री मीच तिला घरी सोडलं. डावी मूठ घट्ट वळलेली होती. दारात मी एकेक बोट सोडवलं.

तो समोरचा कप्पा उघड, केसी. फडक्यात गुंडाळलंय ते. घे हातात.

हो. कांडीच.

घासू नकोस. मीही पुष्कळ घासून पाहिली. ती माती निघत नाही.