अकरावी स्क्रिप्ट

"अहो, आत्ता नको! आत्ता माझं डोकं ठिकाणावर नाही!"

पासपोर्ट साइझ फोटो काढायला स्टुडिओत शिरलेल्या त्या बिचाऱ्याचं स्वागत हे असं झालं. पण मामाचा स्टुडिओ सांभाळणाऱ्या तिचा तरी काय दोष? मामानं मोठ्या हौसेनं फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घातली आणि भाचीच्या अकराच्या अकरा स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप काम उरकणाऱ्या आज्ञांच्या याद्या, बंद पडल्या. पूर्वी एक बटण दाबलं की शाळेच्या दोनशे मुलांमागची मळकी भिंत आपोआप पांढरी व्हायची... आता नुसती लाल अक्षरांत तक्रार!

"मी बघू का?" तो म्हणाला. "छापखान्यात मी हेच करतो."

"बघा. पण आणखी बिघडवलंत, तर तुमचा डोळे मिटलेलाच फोटो काढीन."

तो हसला. बसला. आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा हजर! तिसऱ्या, चौथ्या दिवशीही. जुन्या कितीतरी आज्ञा नव्या आवृत्तीला कळतच नव्हत्या, एकेक ओळ नव्यानं लिहावी लागत होती. मामा त्याला 'पासपोर्टवाला' म्हणू लागला, आणि ती पाच वाजल्यापासूनच दाराकडे बघू लागली.

आज शेवटची, अकरावी. ही चालली की त्याला इथं यायला कारणच उरणार नव्हतं. आजवर चाचणी एकेका फोटोवर व्हायची, ही मात्र पूर्ण दोनशेंवर. जुन्या आवृत्तीत वीस मिनिटं लागायची. तेवढ्या वेळात मनातलं बोलून टाकायचंच, असं तिनं पक्कं ठरवलं होतं.

तिनं बटण दाबलं.

"मला ना..." ती म्हणाली.

"मला जरा..." तोही त्याच क्षणी.

"आधी तुम्ही."

"छे, छे — तुम्ही!"

टिंग! दोनशेच्या दोनशे फोटो तयार. चाळीस सेकंदांत!

"एवढ्यात?" तिचा आवाज रडवेला झाला.

"नवी आवृत्ती... फारच वेगवान निघाली," तो एवढंसं तोंड करून म्हणाला. "मी वीस मिनिटं धरून आलो होतो."

"कशासाठी?"

त्यानं चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला. "तू मला आवडतेस. खूप. उद्यापासून इथं आलो नाही, तर मला करमायचं नाही."

आई गं! 'तुम्ही'वरून थेट 'तू'! तिचे कान तापले, गाल तापले, आणि हसू काही केल्या आवरेना.

"एवढंसं बोलायला वीस मिनिटं?"

"एक बोलायला. एकोणीस धीर गोळा करायला."

"मला तर चार दिवसही पुरले नाहीत," ती म्हणाली आणि त्याच्या हातावर हळूच हात ठेवला.

"काय गं," बाहेरून मामानं हाक मारली, "झालं का काम?"

समोर पडद्यावर दोनशे पोरं पांढऱ्याशुभ्र भिंतीपुढे दात काढून बसली होती.

"नाही रे मामा," ती ओरडली, "अजून बराच वेळ लागेल!"