कोऱ्या पडद्यावरची अक्षरे

शलाकाने तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत फडाफडा वाचला. तपासराव खणखणीत आवाजात म्हणाला, "पाठांतर छान! पण मी तक्ता अजून लावलेलाच नाही. पडदा कोरा आहे."

तपासराव म्हणजे शाळाशाळांत फिरून मुलांचे डोळे तपासणारा यंत्रमानव. त्याला खोटं बोलता येत नाही आणि हळू तर मुळीच बोलता येत नाही. रांगेतली मुलं खो खो हसली. "जाडी आता आंधळीपण झाली!" तिच्या मागे उभा असलेला काटकुळा निनाद ओरडला. शलाकाचे कान तापले. धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं तिला झालं. त्यातून तपासराव बनवला होता तिच्याच आबांनी, आणि ते समोर उभे होते.

आबांनी तिला मैदानावर नेलं. कडुलिंबाच्या पारावर ती पाठ फिरवून बसली.

"इतकं धूसर दिसतं आणि बोलली नाहीस?"

"सगळे म्हणतात, वजन वाढलं की चष्मा लागतो. चष्मा लागला की मी खादाड आहे हे सिद्धच झालं ना!" तिला रडू आलं. "म्हणून मी डबा खात नाही, आबा. बारीक झाले की दिसेल."

आबा तिच्या शेजारी टेकले. मग म्हणाले, "आजारापेक्षा उपाय भयंकर! अगं, लघुदृष्टीत (लांबचं धूसर दिसणं) डोळ्याचा गोळा मागच्या बाजूला किंचित लांबतो. मग लांबच्या वस्तूचं चित्र दृष्टिपटलावर (डोळ्याच्या आतला मागचा पडदा) न पडता त्याच्या अलीकडेच पडतं. उपाशी राहून लांबलेला डोळा आखूड होत नाही."

"मग वजनाचा संबंधच नाही?"

"काही पाहण्यांत जास्त वजनाच्या मुलांमध्ये लघुदृष्टी अधिक आढळली. पण फार कमी वजनाच्या मुलांमध्येही आढळली! पावसाळ्यात छत्र्या दिसतात आणि बेडूकही. म्हणून छत्र्यांनी बेडूक आणले का?"

शलाकाला रडता रडता हसू फुटलं.

"याला सहसंबंध (दोन गोष्टी बरोबरीने आढळणं) म्हणतात. सहसंबंध म्हणजे कारण नव्हे."

"मग इथला पाऊस कोणता?"

"नक्की ठाऊक नाही. कदाचित सतत घरात बसणं असेल. बाहेरच्या उजेडात खेळणाऱ्या मुलांमध्ये लघुदृष्टी कमी आढळते, एवढं दिसलंय." आबांनी मान खाली घातली. "लाज तुला नको, मला वाटायला हवी. यंत्राला नजर दिली, पण कानात बोलायला शिकवलं नाही. आजच शिकवतो."

तेवढ्यात आतून आवाज घुमला, "निनाद, सगळ्यात मोठं अक्षरही चुकलं!"

पुन्हा हशा उठला. थोड्या वेळाने निनाद बाहेर आला. त्याचे कान लालबुंद झाले होते. शलाकाच्या जिभेवर एक झणझणीत टोमणा आला होता. पण ते कान तिच्या ओळखीचे होते. तिने टोमणा गिळला आणि दप्तरातून न उघडलेला डबा काढला.

"थालीपीठ आहे. खाणार?"

निनाद घुटमळला. "माझा चष्मा... तू चिडवणार..."

"मलाही लागणारच आहे. ये."

तो पाराच्या सावलीत टेकायला लागला, तशी शलाका डबा घेऊन उठली.

"तिथे नको," ती म्हणाली. "उजेडात बसू."