हेल्मेटच्या काचेत

त्या दुपारी मी फक्त दोर दुरुस्त करायला बसलो होतो.

चित्र तेव्हा तीन महिन्यांचं झालं होतं. तांबूस धुळीचा एक अवाढव्य ढग, त्यात विखुरलेले तारे, कोपऱ्यात यानाची कड आणि यानाला दोराने बांधलेली, अंतराळात तरंगणारी एक बाई. एका हातात दोर, दुसरा हात सैल सोडलेला. तिला हेल्मेट घातलं, कारण मला चेहरे जमत नाहीत. काच काळी करून टाकली की नाकडोळ्यांची कटकट मिटते. बायकोने ही पळवाट पहिल्याच दिवशी ओळखली होती. तेव्हापासून ती त्या बाईला आपली सवत म्हणायची. सवत आज घरी येणार का, की लोंबकळतच राहणार, असं रोज विचारायची.

माझी नोकरी औषधांच्या कारखान्यात लेबलं तपासण्याची. चित्रकला कुणाकडे शिकलो नाही. जे केलं ते वहीत लिहून ठेवायचं, एवढीच माझी शाळा. संगणकावरचं चित्र पारदर्शक कागद एकावर एक ठेवावेत तसं थरांमध्ये बनतं. माझ्या चित्रात एकेचाळीस थर होते आणि प्रत्येकाची नोंद वहीत होती. आणखी एक सवय म्हणजे चित्र अधूनमधून उलटवून बघायचं, आरशात दिसावं तसं. डोळा सरावला की स्वतःच्या चुका दिसेनाशा होतात. चित्र उलटवलं की त्या पटकन समोर येतात.

बायकोचं पोटाचं ऑपरेशन होऊन तेरा दिवस झाले होते. मी रजेवर होतो. ती भिंतीपलीकडच्या खोलीत झोपलेली, उशीखाली पितळी घंटी. जेवण झाल्यावर मी घंटी हाताशी आहे ना ते पाहिलं. ती म्हणाली, "जा हो, सवत वाट बघत असेल. आणि तो चष्मा पुसा जरा. जन्मतःच नाकावर होता की काय, कधी काढत नाही." मी दार लोटून घेतलं.

माझ्या खोलीत जाड पडदा ओढलेला असतो, उजेडात रंग खोटे दिसतात म्हणून. बाहेर लख्ख ऊन आणि आत संगणकाचा निळसर प्रकाश तेवढा. पंख्याची घरघर. दाराच्या फटीतून येणारा जंतुनाशकाचा वास. दोराचा पीळ नीट केला आणि सवयीप्रमाणे चित्र उलटवलं.

ढग उलटला. यान या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात गेलं. पण बाईचा सैल हात सैल नव्हता. तो खांद्याच्या रेषेत उचललेला होता आणि एक बोट संगणकाच्या पडद्याच्या उजव्या कडेकडे रोखलेलं होतं.

चित्र सुलट केलं. हात सैल. पुन्हा उलटवलं. बोट.

तुम्हाला वाटेल, तेव्हाच मी घाबरलो असेन. नाही. मला स्वतःचा राग आला. वाटलं, हाताचं एखादं जुनं रेखाटन कुठल्यातरी थरात पुसायचं राहिलंय. लेबलं तपासणारा माणूस दुसरं काय करणार? वही उघडली आणि पहिल्या थरापासून एकेक जुळवत गेलो. सुरुवात तीन वाजून बारा मिनिटांनी, शेवट तीन वीसला. एकेचाळीसच्या एकेचाळीस जुळले. जुनं रेखाटन कुठेच नव्हतं.

ती आठ मिनिटं अजून मला झोपेतून उठवतात.

मग मी चित्र मोठं करून हाताकडून वर सरकत गेलो. दंड... खांदा... हेल्मेट. काच काळी नव्हती. तिच्यात काहीतरी उमटलं होतं. आणखी मोठं केलं. पलंग. एका बाजूने खाली ओघळलेली चादर. पलंगावर कुणी नव्हतं. आणि फरशीवर, पलंगापासून हातभर लांब, एक पितळी घंटी.

तेव्हा लक्षात आलं, की पडद्याच्या उजवीकडे माझ्या खोलीचं दार आहे आणि त्यापुढे तिच्या खोलीचं.

मी धावलो. ती पलंग आणि भिंत यांच्यामधल्या फटीत पडली होती. उठताना चक्कर आली असावी. टाके उसवले होते, गाऊन ओला होता. डोळे उघडे होते, पण आवाज फुटत नव्हता. समोरच्या घरात राहणाऱ्या नर्सबाई धावत आल्या आणि गाडी येईपर्यंत त्यांनी टॉवेल दोन्ही हातांनी दाबून धरला. जिना उतरताना त्यांनी हळूच विचारलं, "घंटी तर लांब पडली होती. तुम्हाला हाक ऐकू आली का?"

मी नाही म्हणालो.

नऊ दिवसांनी ती घरी आली. तिला सगळं सांगितलं, आठ मिनिटांसकट. वाटलं, चेष्टा करेल. ती माझा हात धरून म्हणाली, "तिला म्हणावं, सवत असावी तर अशी."

चित्र पूर्ण झालं, छापलं, तिच्या पलंगासमोर लावलं. ती रोज सकाळी त्याच्यावरची धूळ पुसते. मी उभा राहून मनातल्या मनात आभार मानतो. कुणाचे ते माहीत नाही. पण जिचे उपकार झाले तिचं नाव ठाऊक असलंच पाहिजे असं थोडंच आहे? काच काळी आहे, हात सैल आहे.

मूळ चित्र मात्र मी वर्षभर उलटवलं नाही.

गेल्या रविवारी नर्सबाईंना एक प्रत भेट द्यावी असं आम्ही ठरवलं. छापायला पाठवण्याआधी दुपारी चित्र उघडलं. बायको आत गुणगुणत कपड्यांच्या घड्या घालत होती. बोटांनी सवयीने आपलं काम केलं, चित्र उलटलं.

या वेळी बोट रोखलेलं नव्हतं. तळवा उघडा होता, समोरच्याने धरावा म्हणून हात पुढे करावा तसा. मी काच मोठी केली. जाड पडदा. टेबल. ही खुर्ची, रिकामी. टेबलावर माझी वही मिटलेली, आणि वहीवर काड्या दुमडून नीट ठेवलेला चष्मा.

मी हात वर नेऊन चाचपलं. चष्मा नाकावरच होता.