मघाशी तुम्हीच आला होतात

मी लिफ्ट तपासते. चौदा वर्षं हेच करतेय. दोर, ब्रेक, दाराची फट, मोटरची खोली, सगळं बघायचं आणि प्रमाणपत्रावर सही ठोकायची. सहीखाली एक रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं. हे आधीच सांगते, कारण पुढचं ऐकून कुणी म्हणेल, बाई हळवी आहे, हिला भास झाला असेल. मी हळवी नाही. हाताने चाचपल्याशिवाय मी कशावर विश्वास ठेवत नाही, म्हणून तर माझ्या उजव्या अंगठ्याच्या नखात कायम काळं ग्रीस असतं. कितीही घासा, जात नाही. माझी लेक बिट्टी वेणी घालून घ्यायच्या आधी माझी नखं तपासते. तीही माझ्यासारखीच!

सुट्ट्या लागल्या होत्या आणि तो नवा गेम कन्सोल कुठ्ठेही मिळत नव्हता. आठ दिवस मी दुकानांना फोन करत होते. एकजण म्हणायचा पुढच्या आठवड्यात, दुसरा म्हणायचा नाव लिहून ठेवा, तिसरा फोनच उचलायचा नाही. नुसता वैताग.

बिट्टी शाळेच्या जिन्यावरून पडली होती. पाय महिनाभर प्लास्टरमध्ये. पडली तेव्हा मी कामावर, एक्स-रे काढला तेव्हाही कामावर. म्हणून मी कन्सोल कबूल केला. ती म्हणाली, "चालेल. पण प्लास्टर कापताना तू हवीस. त्या करवतीने पाय कापला तर? तू हात धरायचास. बाबा नको, तो स्वतःच डोळे मिटतो."

"धरेन गं बाई," मी म्हटलं.

"निघालेच असं नाही म्हणायचं."

घरात माझ्या 'निघालेच'ची यथेच्छ टिंगल चालते. त्यातही नवऱ्याचं आवडतं उदाहरण म्हणजे दाराची साखळी. आतून लावायची साधी सुरक्षा साखळी, दोन वर्षांपूर्वी मीच आणली. ती अजून स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये आहे. या रविवारी लावते, पुढच्या रविवारी लावते. त्याला मी हात लावू देत नाही, कारण तो स्क्रू वाकडे बसवतो. स्क्रूच्या खाचा एका रेषेत उभ्या आल्या नाहीत तर मला रात्री झोप लागत नाही. असो.

प्लास्टर चारला कापायचं होतं. मी अर्धा दिवस रजा टाकली आणि एक वाजता बाहेर पडले. तीन तास हातात होते. कन्सोल घेऊन थेट हॉस्पिटल गाठायचं, असा बेत.

पहिल्या दुकानात दारापर्यंत रांग. पाऊण तास उभी राहिले, पायांचे तुकडे पडले. काउंटरवरच्या पोराचा घसा बसला होता. त्याने नुसती मान हलवली.

"मग रांग कसली लावलीय?"

"विचारायची," तो म्हणाला.

डोकं सणकलं. तिथून दुसरं दुकान, मोठ्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. लिफ्टचं दार बंद होताना किंचित अडखळत होतं. सवयीने फटीत बोट घालून पाहिलं, मग आत गेले. काउंटरवरच्या मुलीने मला पाहिलं आणि तिचा चेहरा पडला.

"मॅडम, खरंच नाहीये हो. मघाशी सांगितलं ना तुम्हाला."

"मघाशी? मी आत्ता येतेय."

"दहा मिनिटं झाली असतील. तुम्ही आमच्या लिफ्टचं दार अडखळतंय म्हणालात. मी दुसऱ्या दुकानाचा पत्ता लिहून दिला, हरवला का?"

मी म्हटलं, दिवसाला पाचशे तोंडं बघते बिचारी, माझ्यासारखी दिसणारी कुणी बघितली असेल. पण माझ्यासारखी दिसणारी बाई लिफ्टची दारं कशाला तपासेल? विचार करायला वेळ नव्हता. तिने परत पत्ता लिहून दिला आणि मी निघाले. जाताना तिने विचारलं, "तुम्ही रागावलात का? मघाशी तर किती छान बोललात."

आता हिच्याशी छान बोलायला मला काय धाड भरली होती?

तो पत्ता शोधताना नाकी नऊ आले. एक गल्ली खोदलेली, दुसरीत ट्रक आडवा. तीन वाजून पस्तीस मिनिटांनी नवऱ्याचा फोन आला. "कुठे आहेस?"

"निघालेच," मी म्हटलं आणि जीभ चावली.

दुकान कसलं, जुनी यंत्रं दुरुस्त करायची एक अरुंद खोली. तापलेल्या कथिलाचा वास. एक म्हातारा कारागीर डोळ्याला भिंग लावून बसला होता. त्याने वर पाहिलं, उठला आणि टेबलाखालून खोका काढून माझ्यासमोर ठेवला. नवा, सीलबंद. तोच.

मला आनंदाने रडू यायचं बाकी होतं. मी पर्स उघडली.

"बाई, पैसे दिलेत तुम्ही."

"मी?"

"मघाशी तुम्हीच आला होतात की. म्हणालात, मी मागाहून येईन, खोका तेव्हा द्या. जरा चिडलेली असेन, मनावर घेऊ नका." तो ओशाळून हसला.

"ही काय थट्टा आहे? कोण होती ती?"

त्याने वही फिरवली. तीन वाजून पाच मिनिटं. सही. सहीखाली रेघ. रेघेखाली दोन टिंबं.

त्या सहीवरून मी बोट फिरवलं. पेनाचा दाबसुद्धा माझा होता. म्हातारा माझ्या बोटाकडे बघत होता.

"मघाशी हात स्वच्छ होते तुमचे," तो हळूच म्हणाला.

"मग तिने, म्हणजे त्या बाईने, खोका नेला का नाही?"

"म्हणालात की, चारला मुलीचा हात धरायचाय, हातात ओझं नको."

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. माझं त्या घड्याळाकडे लक्षच गेलं नव्हतं. मेलं हे खोकं! एवढ्याशा खोक्यापायी मी पोरीला परत एकटं पाडलं होतं. रस्त्यावर येऊन नवऱ्याला फोन लावला.

"अरे, सॉरी. खरंच सॉरी. ती फार रडतेय का? सुरू नका करू, मी पोचतेच..."

त्याच्या मागे कसलीतरी घरघर ऐकू येत होती.

"कुठून बोलतेयस तू?" त्याने विचारलं.

"रस्त्यावरून. का?"

"अगं, तू आत आहेस." त्याचा आवाज खाली गेला. "काचेतून दिसतेयस मला. तिचा हात धरलायस."

"ऐक, ती मी नाही. तू आत जा. बिट्टीला बाहेर काढ."

"बिट्टी हसतेय," तो म्हणाला. मग मला, "कोण आहात तुम्ही?"

फोन बंद झाला. पुन्हा लावला, उचलला नाही. सात वेळा लावला.

हॉस्पिटलमध्ये पोचले तेव्हा ते निघून गेले होते. नर्स म्हणाली, मुलगी फार धीराची. आणि माझ्या बगलेतल्या खोक्याकडे बघून म्हणाली, "काही राहिलं का तुमचं?"

घरी पोचायला पावणेसहा. अजून उजेड होता. आमची लिफ्ट सहाव्या मजल्यावर थांबली, दार नीट उघडलं.

बाहेर चपलांच्या फळीवर बिट्टीचे दोन्ही बूट. महिनाभर एकच असायचा. शेजारी माझे कामावरचे बूट, डाव्याची नाडी तुटून गाठ मारलेली. मी खाली बघितलं. माझ्या पायातही तेच होते.

आतून हसणं ऐकू आलं. बिट्टी इतकी मोकळी हसलेली मी कितीतरी दिवसांत ऐकली नव्हती.

किल्ली लागली. किल्ली माझी, कुलूप माझं. दार चार बोटं उघडलं आणि खणकन अडलं.

"आई, कोण आलंय?"

"कुरिअर असेल गं." माझा आवाज. फक्त दमलेला नव्हता. मग दाराच्या दिशेने, छान, सावकाश, "खोका तिथेच ठेवा हं. मी मागाहून घेते."

"बिट्टी!" मी ओरडले. "बिट्टी, मी आहे!"



"आई," बिट्टी घाबरून म्हणाली, "हात सोडू नकोस."

"नाही सोडत."

मी फटीला डोळा लावला. आतलं काही दिसेना. दिसत होती ती फक्त ताणलेली साखळी आणि चौकटीवरची तिची पट्टी. दोन स्क्रू. दोन्हींच्या खाचा उभ्या, एका रेषेत.