हातावर न दिलेलं मीठ

कळव्याच्या मिठागरातला बांध एका माणसापुरताच रुंद. एकीकडून धाकू डोक्यावर साहेबाची जड पेटी घेऊन येत होता, दुसरीकडून सगुणा मिठाची टोपली घेऊन. मध्यावर दोघं थांबली. मागे कोण सरणार?

"पेटीत काय हाय?" तिनं विचारलं.

"हलती चित्रं काढायचं यंत्र."

"भिजलं तर पुसून घेशील. माझं मीठ पडलं तर पान्यात गेलं. उतर तू."

धाकू मानपाड्याचा, तालमीतला गडी. कुणाला वाट न देणारा. पण उतरला गुडघाभर चिखलात... आणि ती पुढे गेली तरी तिथेच उभा राहिला.

अठराशे नव्याण्णव सालची ही गोष्ट. युरोपातून आलेला एक साहेब एका तरुणीच्या प्रेमाचं नाटक हलत्या चित्रांत उतरवत होता. पण कामामागे साडेसाती लागली होती. नायिका झालेल्या मडमेची कातडी मिठागराच्या उन्हात सोलली, ती मुंबईला निघून गेली. नायक तापानं फणफणला. दमट हवेनं फिती खराब झाल्या, एकच उरली. तेव्हा साहेबाची नजर या दोघांवर पडली. चित्रात लांबूनच दिसायची माणसं, चालतील म्हणाला.

दुभाष्या हरिहरनं प्रसंग समजावला. नायिका प्रियकराच्या तळहातावर मीठ ठेवते, तेच तिचं वचन. आधी सराव म्हणून तो स्वतःच नायकाच्या जागी उभा राहिला. सगुणानं बेधडक त्याच्या हातावर मीठ ठेवलं. मग धाकू उभा राहिला, तर तिनं मूठ मिटली. पुन्हा सांगितलं, पुन्हा मिटली. ऊन कलायला लागलं, साहेबानं टोपी आपटली. सगळं मिठागर बघत होतं, आणि धाकूचा हात तसाच पुढे...

"मी आवडत नाय तर तसं सांग," तो हळूच म्हणाला. "हरिहरला दिलंस की."

"त्याच्याशी भांडले तर माझं काय जातं?" सगुणा पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती. "हातावर मीठ दिलं की भांडान व्हतं. तुझ्या आयनं नाय शिकवलं?"

धाकूनं पुढे केलेला हात मागे घेतला.

"मंग मला कसं देशील?"

"कालवनात घालून," ती म्हणाली, आणि आता तिनं मान वर केली. "रोज."

धाकूची छाती फुगली. त्यानं हरिहरला सांगितलं, ही मीठ खाली ठेवील, मी उचलीन; साहेबाला तसं काढायचं असेल तर काढू दे. साहेब कुरकुरला, पण ऊन थांबणार नव्हतं. त्यानं यंत्राचा दांडा फिरवला. सगुणानं बांधावर मीठ ठेवलं, आणि वाट न देणारा धाकू सगळ्यांदेखत तिच्यापुढे वाकला. त्याला त्यात उणेपणा वाटला नाही. उलट वाटलं, बघू दे सातासमुद्रापलीकडच्यांना.

परतताना धाकूच्या डोक्यावर पेटी, समोरून सगुणा. या खेपेला तीच चिखलात उतरली.

"टोपली रिकामी हाय माझी," ती म्हणाली. "जा तू."

धाकू गेला नाही. पेटी सावरत तोही खाली उतरला. बांध मोकळाच राहिला, आणि दोघं त्याच्या कडेनं, चिखल तुडवत, शेजारी शेजारी निघाली.