साचेखात्यातली बोली

"हा साचेवाला दिसायला बरा आहे, पण आडव्या धाग्याचा धोटा बदलताना असा घाबरतो, जणू साचा त्याला चावणारच आहे," धाकटी बाबांना म्हणाली.

म्हणाली म्हणजे नुसते ओठ हलवले. आवाज काढून उपयोग नव्हता. समोर कापड विणणारा साचा धडधडत होता आणि बाबांना तसंही काही ऐकू येत नव्हतं. जन्मभर त्यांनी याच गिरणीच्या साचेखात्यात कापड विणलं होतं आणि निघताना कान तिथेच ठेवून आले होते. तिथे शेकडो साचे एकदम चालायचे, त्यामुळे माणसं बोलायची ती ओठ मोठे करून, एकेक शब्द तोंडावर नीट उमटवून. बाबांनी तीच बोली घरी आणली. आई गेल्यावर ती बोलणारी घरात धाकटी एकटी उरली. पुढे गिरणीचं संग्रहालय झालं तरी बाबा तिकडे कधी फिरकले नव्हते. आज सकाळी काय मनात आलं कोण जाणे, चप्पल घातली आणि 'चल' म्हणाले.

लोकांना साचा चालवून दाखवणं हे साचेवाल्याचं काम. त्याने मान वर केली, सरळ धाकटीकडे पाहिलं आणि ओठ मोठे करून, आवाज न काढता म्हणाला, "चावतो तो. गेल्याच आठवड्यात चावलाय."

आणि पट्टी बांधलेलं बोट वर केलं.

धरणीने पोटात घ्यावं असं धाकटीला झालं. बाबा मात्र कितीतरी दिवसांनी पोट धरून हसले. "कुणाचा रे तू?" त्यांनी ओठांनीच विचारलं.

"आई होती इथेच, साचेखात्यात. मला रागवायची तेसुद्धा असंच… शेजाऱ्यांना कळायला नको म्हणून. ती गेली, तेव्हापासून असं बोलायला कुणी नाही."

हे सांगताना तो हसत होता, पण धाकटीला ते हसू खरं वाटलं नाही. घरी जाताना तिच्या मनात तेच घोळत राहिलं.

मग दर रविवारी दोघं तिथे जाऊ लागले. बाबा साच्याशेजारी स्टूल घेऊन बसायचे, लोखंडी चौकटीवर तळहात ठेवायचे आणि विणल्या जाणाऱ्या कापडाकडे एकटक बघत राहायचे. कानांनी सोडलेला आवाज त्यांना हाताला तरी लागत असावा. छतातल्या उंच काचांमधून उजेड खाली यायचा, त्यात कापसाची पुसट तूस तरंगायची. धाकटी पार मागे, भिंतीला टेकून उभी राहायची. बाबांची पाठ तिच्याकडे असली की दोघांना रान मोकळं.

"आज उशीर केलात," साचेवाल्याचे ओठ म्हणायचे.

"तुम्ही वाट बघत होतात?"

"मी कशाला बघू? साचा बघत होता."

"मग साच्याला सांगा, दुकानात गर्दी होती…"

"साचा विचारतोय, पुढच्या रविवारी लवकर याल?"

"साच्याला म्हणावं, आपल्या कामाकडे लक्ष दे — धागा तुटलाय."

आणि खरोखरच तुटलेला असायचा. तो घाईघाईने खाली वाकायचा आणि धाकटी तोंडावर हात धरून हसायची. त्याच्याभोवती प्रवासी फोटो काढत उभे असायचे, त्यांना या संसाराचा पत्ताही नसे. ती औषधांच्या दुकानात काम करायची. सोमवारी गिऱ्हाईक कळवळून पोटदुखीवर गोळी मागायचं आणि ही बाई गालातल्या गालात हसत गोळी द्यायची. प्रेमात पडलेलं माणूस औषधांच्या दुकानात ठेवू नये, हेच खरं.

अशातच दादाचा फोन आला. दादा म्हणजे तिचा मोठा भाऊ, दूर मोठ्या शहरात राहणारा. "तू दिवसभर दुकानात. बाबा एकटे पडले-झडले तर ओरडूनही कुणाचं उत्तर ऐकू यायचं नाही त्यांना. दोघंही इकडे या. मी ट्रक घेऊन येतो."

दादा चांगला होता, वहिनीही मायेची होती. पण दादा लहानपणीच शिकायला बाहेर गेला, ओठांची बोली त्याला आलीच नाही. तिकडे चार दिवस राहायला गेलं की बाबा 'काय झालं?' विचारायचे, तेव्हा कुणीतरी 'नंतर सांगतो' असा हात हलवायचं. ते नंतर कधीच यायचं नाही. धाकटी सोबत गेली नाही, तर त्या घरात बाबा जिवंतपणी मुके होणार होते.

आणि बाबा तर लगेच हो म्हणाले.  धाकटीने निमूटपणे भांडी बांधायला घेतली.

निघायच्या आदल्या दिवशी रविवार होता. संग्रहालयाने जुन्या कामगारांना बोलावलं होतं. पांढऱ्या केसांची माणसं बाकांवर दाटीने बसली. वारलेल्या सोबत्यांची नावं वाचली गेली, तेव्हा ज्यांना उभं राहता येत होतं ते उभे राहिले. धाकटी बाबांसमोर उभी राहून एकेक नाव ओठांनी सांगत होती. साचेवाल्याच्या आईचं नाव आलं, तेव्हा तिचे ओठ थरथरले. बाबांनी मान खाली घातली.

मग साचा सुरू झाला. बाबा आपल्या स्टुलावर, धाकटी आपल्या भिंतीशी. दादाकडे जायचं आणि तिकडे बाबांचं काय होतं, हे सगळं तिने साचेवाल्याला मागच्याच रविवारी सांगितलं होतं.

"उद्या जाऊ नका," साचेवाला म्हणाला.

"जायलाच हवं." तिने ओठ कसेबसे हलवले. "बाबांना तिकडे एकटं कसं पाठवू?"

"मग पाठवू नका. दोघं माझ्या घरी या. तिथे त्यांना कुणी 'नंतर सांगतो' म्हणणार नाही." त्याचा चेहरा उतरला होता, पण ओठ स्वच्छ बोलत होते. "मला तुम्ही हव्या आहात. पहिल्या दिवसापासून… माझ्याशी लग्न कराल?"

बाबांची नजर कापडावर होती, तेवढं त्याने पाहून घेतलं होतं. बाकांवरची माणसं मात्र तो साफ विसरला. त्याला सवय होती ती फोटो काढणाऱ्या प्रवाशांची. समोर आज सगळं साचेखातं बसलं होतं आणि त्यातल्या एकाचंही लक्ष साच्याकडे नव्हतं.

सगळी पांढरी डोकी एकदम मागे वळली.

पुढच्या बाकावरची एक आजी ओठ मोठे करून म्हणाली, "उत्तर दे की गं. तो बिचारा उभ्या उभ्या वाळतोय."

साचेवाल्याला आता कुठे उमगलं. कानापर्यंत लाल होत त्याने दांडा ओढून साचा बंद केला. हाताखालची थरथर थांबली तशी बाबांनी वर पाहिलं. सगळ्यांच्या पाठी त्यांच्याकडे होत्या आणि पलीकडे लेकीचा चेहरा रडवेला.

"काय झालं?" त्यांनी मोठ्याने विचारलं.

आजी उठून त्यांच्यासमोर गेली आणि ओठांनी सगळं सांगितलं. एक शब्द गाळला नाही.

बाबांनी धाकटीला हाताने जवळ बोलावलं. "मग? काय म्हणालीस त्याला?"

"तुम्हाला दादाकडे जायचंय. मी तुम्हाला एकटं सोडणार नाही."

"मला कुठे जायचंय?"

"तुम्ही लगेच हो म्हणालात, बाबा."

 बाबा आवाज न काढता बोलले. त्या खोलीत ते सगळ्यांनाच वाचता येणार होतं, तरीही. "तुझ्यासाठी म्हणालो गं. माझ्यापायी इथे अडकून पडली आहेस. वाटलं, तिकडे दादा तुझं काहीतरी चांगलं जमवेल. माझं काय… मी बसलो असतो कोपऱ्यात गप्प."

धाकटीला हुंदका आवरेना. तिने बाबांचा हात घट्ट धरला, साचेवाल्याकडे तोंड वळवलं आणि मोठ्याने म्हणाली, "हो. करीन."

इतक्या दिवसांत त्याने तिचा आवाज धड ऐकलाच नव्हता. तो ऐकतच राहिला.

"काय म्हणाली?" बाबांनी आजीला विचारलं.

"हो म्हणाली."

बाबांनी बाहीने डोळे पुसले आणि सगळ्या खात्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "दादाला फोन लाव. ट्रक आणू नको म्हणावं. जेवायला ये, आणि जावई बघून जा."