साळूबाईंची सही

“आई, हितं अंगठा दे.”

वीरधवलनं स्टँपपेपर साळूबाईंसमोर ठेवला, शाईची डबी उघडली आणि आईचा हात धरून पुढं ओढला... सातवी पास झालेली बाई ती. नवरा गेल्यावर बँकेपासून तासगावच्या बेदाण्याच्या सौद्यापर्यंतचे सगळे कागद तिनं एकटीनं सही करून निभावले होते, आणि त्याच सहीच्या जोरावर ज्याला कराडला इंजिनिअर व्हायला धाडलं, तो लेक आज तिच्याकडं अंगठा मागत होता!

“कसला कागद हाय रं?”

“वटमुखत्यारपत्र. बाग, शेड, समदं आता मीच बघीन. तुझ्या काय बी ध्यानात ऱ्हात न्हाई, मग कशाला उगं तरास?”

ध्यानात राहत नाही! हे वाक्य त्या वर्षभर ऐकत होत्या. गेल्या मार्चात बेदाण्याच्या शेडवर द्राक्षं वाळत घातली होती आणि भर दुपारी अवकाळी पाऊस आला. बाजूच्या ताडपत्र्या खाली सोडायचं काम सुनेचं, संयोगिताचं. पण पोटातलं बाळ गमावून तिला दोनच महिने झालेले... रडता रडता तिचा डोळा लागला आणि सगळा माल भिजून काळा पडला. वीरधवल संतापानं लाल होऊन आला, तेव्हा सुनेला मागं सारून साळूबाई म्हणाल्या होत्या, “माझ्याकडनं ऱ्हायलं रं. मी इसरले.”

मायेपोटी बोललेलं एवढंसं खोटं! पण त्यानंतर आधी शेडची किल्ली गेली, मग मोबाईल गेला, मग घरात त्यांना काही विचारणंच बंद झालं. पाहुण्यांनी ‘कशा आहात’ म्हटलं तरी उत्तर लेकच देई. साळूबाईंनी सगळं मुकाट्यानं गिळलं. सुनेचा संसार शाबूत राहिला, एवढ्यावर त्या समाधानी होत्या.

आज मात्र त्यांनी हात मागं घेतला.

“मी अंगठा देणार न्हाई.”

“आई, हट्ट करू नगंस! गेल्या साली समदा माल काळा केलास, ते तरी आठवतंय का तुला?”

“आवं, गप बसा!” स्वयंपाकघरातून संयोगिता धावत आली आणि सासूच्या पायाशी कोसळली. “आत्या काय बी इसरल्या नव्हत्या. मी झोपले हुते... मी! मला वाचवाया त्यांनी आपल्या अंगावर घेतलं, आन् मी वरीसभर तोंड शिवून बसले...”

वीरधवलचा चेहरा खर्रकन उतरला. त्यानं घाईघाईनं कागदाची घडी घातली. “आई... लय चुकलो गं! तू इसरलीच नव्हतीस, तर मग ह्या कागदाची गरजच न्हाई.”

आता लेकानं पाय धरावेत, आईनं डोळे पुसावेत आणि सगळ्यांनी गोडाधोडाचं जेवावं, एवढंच उरलं होतं. साळूबाईंनीही सुनेला उठवून पोटाशी धरलं... पण त्यांची नजर लेकावरून हलली नाही.

“आन् खरंच इसरले असते तर?”

वीरधवलनं वर पाहिलं. “म्हंजी?”

“उद्या इसरीन बी. वय झालंय माझं. एक दिस तुझं नावबी तोंडात येणार न्हाई. तवा माझी बाग माझी ऱ्हाणार न्हाई व्हय रं? मला कुणी काय इचारायचंच न्हाई? हात धर, आधार दे, लय गोड वाटंल मला. पर मी जित्ती असताना माझ्या जागंवर बसू नगंस, बाळा!”

त्या ‘बाळा’नं वीरधवलचा बांध फुटला. चाळिशीचा तो गडी आईच्या मांडीत तोंड खुपसून हुंदके देऊ लागला, आणि साळूबाई कितीतरी वेळ त्याच्या केसांतून हात फिरवत राहिल्या.

चार दिवसांनी तिघं शेडवर गेली. जाळ्यांवर हिरवट बेदाणा पसरला होता. वाळलेला माल जाळ्यांवरून खाली झाडायला गडी उभे होते.

“द्राक्षं वाळत घालून आज कितवा दिस?” साळूबाईंनी विचारलं.

“बारावा, आई.”

त्यांनी एक मणी दाताखाली धरला, मग त्या चार पावलं पुढं गेल्या आणि थबकल्या. “आरं, कितवा दिस हा?”

गडी एकमेकांकडं पाहू लागले.

“बारावा,” वीरधवल प्रश्न पहिल्यांदाच ऐकल्यासारखा म्हणाला. “तू सांग, झाडायचा का आज?”

साळूबाईंनी आणखी एक मणी चावून पाहिला.

“अजून वल हाय. दोन दिस थांबा.”

वीरधवलनं गड्यांना माघारी धाडलं.